जामीनकीची सही

सिल्वासा शहराचे रूप गेल्या काही दशकांत पार पालटले आहे. कारखाने आले, रस्ते रुंदावले, शाळा-महाविद्यालयांच्या इमारती उभ्या राहिल्या. २०२५ च्या मार्चमध्ये ४५० खाटांच्या नमो रुग्णालयाचे उद्घाटनही झाले. जेथे बांधकाम तेथे कंत्राटदार, हे ओघानेच आले. आपल्या मराठी कुटुंबांतील मुलेही स्थापत्याची पदविका घेऊन, चार-दोन वर्षे दुसऱ्याच्या हाताखाली देखरेख करून, सार्वजनिक बांधकाम खात्याकडे स्वतःच्या नावाची नोंदणी करू लागली आहेत. नोकरीवाचून गती नाही असे मानणाऱ्या आपल्या समाजात ही गोष्ट कौतुकाचीच होय.

परंतु या कौतुकामागोमाग एक कागद घरात येतो. सरकारी शाळेचा मुख्याध्यापक हा वस्तीचा हक्काचा वाचक असल्यामुळे असे इंग्रजी कागद बहुधा आमच्या मेजावर येऊन पडतात, आणि आणणारी माउली वा वडीलधारे गृहस्थ एकच प्रश्न विचारतात, "सर, ही नुसती सहीच आहे ना?" मुलाला काम मिळावे म्हणून बापाने, काकांनी किंवा मेहुण्यांनी करावयाची ती सही जामीनकीची असते. व्यवहारात 'नुसती सही' अशी वस्तू अस्तित्वात नाही. ती काय आहे, हे सोप्या शब्दांत सांगावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

शब्द जुना, व्यवहारही जुना

'जामीन' हा शब्द अरबीतून फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला आणि मराठी दफ्तरांत कायमचा वतनदार झाला. पैशाची हमी घेणारा तो मालजामीन. माणसाला वेळेवर हजर करण्याची हमी घेणारा तो हाजिरजामीन. गुजराती शेजारी हमीला 'बांयधरी' म्हणतात. बाह्या धरणे, हात धरणे, हा त्यातला भाव. बडोद्याच्या वाचकांना या शब्दाचा इतिहास घरचाच वाटेल. अठराव्या शतकाच्या अखेरीस गायकवाडांच्या दरबाराला कर्ज देताना सावकार अरब जमादारांची अशी हमी मागत. १८०२ नंतर अरबांचे बळ मोडले आणि ती हमी ईस्ट इंडिया कंपनीकडे गेली. हमी देणारा बदलला तशी दरबारातील सत्ताही सरकली. जामीन राहणाऱ्याच्या हाती केवढे बळ येते, आणि त्याच्या शिरावर केवढे ओझे, हे यावरून ध्यानात यावे.

आमच्या नगर हवेलीची कथा तर याहून बोधप्रद आहे. १७७२ साली मराठी आरमाराने पोर्तुगीजांच्या 'सांताना' नावाच्या जहाजाचे नुकसान केले. त्याच्या भरपाईपोटी १७ डिसेंबर १७७९ च्या तहास अनुसरून पेशवे दरबाराने १७८३ व १७८५ साली बारा हजार रुपये वार्षिक उत्पन्नाची गावे पोर्तुगीजांस लावून दिली. पुढे पोर्तुगीजांनी त्याच कागदांच्या आधारे सार्वभौमत्व सांगितले. हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १२ एप्रिल १९६० च्या निकालात स्पष्ट केले, की मराठ्यांनी दिला तो केवळ महसुलाचा हक्क, म्हणजे जहागीर वा सरंजाम, सार्वभौमत्व नव्हे. कागदाने काय दिले आणि काय दिले नाही, याचा निवाडा व्हावयास एकशे ऐंशी वर्षे लागली! सही करण्यापूर्वी कागद वाचावा, हे आम्ही मुलांना शिकवतो, तेव्हा हे उदाहरण हमखास देतो.

सरकार जामीन का मागते?

काही वर्षांपूर्वी आमच्या परिसरातील एका शाळेच्या दोन खोल्यांचे काम भिंती अर्ध्यावर आल्यानंतर थांबले. कंत्राटदार निघून गेला. दोन पावसाळे मुले व्हरांड्यात बसली. पहिलीच्या पाटीवर आणि चौथीच्या वहीवर एकच ओल पसरली. अखेर पहिल्या कंत्राटदाराची हमी जप्त झाली, उरलेल्या कामाची नवी निविदा निघाली, आणि खोल्या पुऱ्या झाल्या. ती हमी नसती, तर नव्याने लागणारा वाढीव खर्च कोठून आला असता? जामीन ही सरकारी अडवणूक आहे असे म्हणणाऱ्यांनी त्या व्हरांड्याचा विचार करावा.

हा जामीन टप्प्याटप्प्याने मागितला जातो. नोंदणीच्या वेळी बहुधा बँकेकडून ऐपतीचा दाखला मागतात. निविदा भरताना बयाणा रक्कम द्यावी लागते. केंद्राच्या २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांनुसार ती अंदाजित खर्चाच्या २ ते ५ टक्के असते. काम मिळूनही जो मागे फिरतो, त्याची ही रक्कम बुडते. काम मिळाल्यावर ते पुरे करण्याची हमी द्यावी लागते. मूळ नियमांत ती ५ ते १० टक्के होती. करोनाच्या काळात, नोव्हेंबर २०२० मध्ये, केंद्राने ती ३ टक्क्यांवर आणली. असे आकडे काळानुसार बदलतात, म्हणून ज्या निविदेवर सही करावयाची तिच्यात छापलेला आकडाच प्रमाण मानावा. याशिवाय चालू देयकांतून काही टक्के अनामत म्हणून कापून ठेवतात, आणि काम पुरे झाल्यावर ठरावीक मुदतीत गळती वा भेगा दिसल्यास ती दुरुस्तीसाठी वापरतात.

पाच टक्के धरले, तर एक कोटीच्या कामाला पाच लाखांची हमी लागते. नवख्या मुलाजवळ एवढी रोकड कोठली? मग तो बँकेकडे जातो. बँक हमीपत्र देते. पण त्याबद्दल दलाली घेते, काही रक्कम मुदत ठेवीत अडकवते आणि उरलेल्यासाठी घर वा जमीन तारण मागते. खात्याने मागणी करताच बँकेने वाद न घालता पैसे मोजावयाचे, हे अशा हमीपत्राचे मर्म आहे. उघड फसवणूक असेल किंवा कधीच भरून न येणारी हानी होणार असेल, तरच न्यायालय ती रक्कम अडवते, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली उत्तर प्रदेश सहकारी फेडरेशनच्या खटल्यात मांडले. उलट १९९९ साली हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी विरुद्ध बिहार राज्य या खटल्यात हमीपत्राची भाषाच सशर्त असल्यामुळे सरकारला रक्कम वसूल करता आली नाही. एका वाक्यरचनेवर लाखोंचा निकाल फिरतो, हे भाषेच्या शिक्षकाला विशेष सांगावेसे वाटते.

जामीन म्हणजे विमा नव्हे

अलीकडे यात एक नवी सोय झाली आहे. १ फेब्रुवारी २०२२ च्या अर्थसंकल्पी भाषणात अर्थमंत्र्यांनी सरकारी खरेदीत बँक हमीऐवजी शुअरटी बाँड, म्हणजे जामीनरोखे, स्वीकारण्याचे जाहीर केले. विमा नियामक प्राधिकरणाचे त्याविषयीचे मार्गदर्शक नियम १ एप्रिल २०२२ पासून लागू झाले, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात देशातील पहिला असा रोखा बाजारात आला. आता विमा कंपनी हप्ता घेऊन कंत्राटदाराला जामीन राहू शकते. बँकेत पैसा अडकून पडत नाही, म्हणून लहान कंत्राटदाराला हात मोकळे राहण्याची आशा आहे.

मात्र येथेच मोठा गैरसमज होतो. हप्ता भरला म्हणजे विमा उतरला, असे घरोघरी मानले जाते. विम्यात तीन चेहरे नसतात, जामीनकीत असतात. काम देणारा, काम घेणारा आणि मधला जामीनदार. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे १२६ वे कलम हे त्रिकूट सांगते. घर जळाले तर विमा कंपनी भरपाई देऊन बाजूला होते. कंत्राटदाराचे काम बुडाले तर जामीनदार खात्याला पैसे देतो आणि मग कंत्राटदाराच्या दारात उभा राहतो. १४५ वे कलम त्याला तो हक्क देते. वर कंपनी वेगळे नुकसानभरपाईचे करारपत्र लिहून घेते, आणि त्यावर पुष्कळदा घरच्यांच्याही सह्या असतात. हप्ता हे जामीनकीचे भाडे आहे. कर्जमुक्तीची पावती नव्हे.

अमेरिकेत ही पद्धत फार जुनी. तेथे १८९४ च्या हर्ड कायद्याने आणि पुढे १९३५ च्या मिलर कायद्याने सरकारी बांधकामावर जामीनरोखे सक्तीचे केले. त्यांपैकी एक रोखा काम पुरे करण्याचा, तर दुसरा मजुरांची व माल पुरवणाऱ्यांची देणी भागवण्याचा. आपल्याकडे मजुरीचे रक्षण वेगळ्या वाटेने झाले. कंत्राटदाराने मजुरी बुडवल्यास मूळ मालकाने ती द्यावी, अशी तरतूद १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात होती. तो कायदा आता २०२० च्या व्यावसायिक सुरक्षितता, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत सामावला असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. ही जबाबदारी तीतही कायम आहे. येथील बांधकामांवर राबणाऱ्या वारली, कोकणा बंधुभगिनींना हे कोणी तरी सांगावयास हवे. आपल्या मुलांनी कंत्राटदार व्हावे, पण शनिवारचा पगार राखून मगच नफा मोजावा.

घरच्यांनी काय पाहावे?

आता त्या मूळ प्रश्नाकडे वळू. बापाने किंवा काकांनी सही केली, तर काय होईल? कायद्याचे १२८ वे कलम म्हणते, की करारात वेगळे लिहिले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते. "आधी मुलाकडून वसूल करा, मग माझ्याकडे या," असे म्हणता येत नाही. बँक ऑफ बिहारच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे १९६८ सालीच निक्षून सांगितले आहे.

म्हणून सही करण्यापूर्वी चार गोष्टी पाहाव्यात. पहिली, रक्कम. कमाल आकडा अक्षरी लिहिलेला असावा. 'सर्व देणी' असे मोघम शब्द असतील तर थांबावे. दुसरी, मुदत. जामीनकी एका कामापुरती आहे, की पुढच्या सर्व कामांना चालू राहणारी? चालू जामीनकी भविष्यातील व्यवहारांपुरती नोटीस देऊन मागे घेता येते. झालेल्या व्यवहारांतून मात्र सुटका नाही. तिसरी, बदल. जामीनदाराच्या संमतीवाचून करार बदलला, तर १३३ वे कलम त्याला पुढील व्यवहारांतून मोकळे करते. पण छापील नमुन्यांत हा हक्क सोडल्याचे एक वाक्य पुष्कळदा बारीक अक्षरांत दडलेले असते. ते शोधावे. चौथी, तारण. राहते घर त्यात आहे काय, आणि त्या घरात ज्यांचा वाटा आहे त्या सर्वांना ते ठाऊक आहे काय? सही झाल्यावर कागदाची प्रत घरी ठेवावी, आणि काम पुरे होऊन मुदत संपताच मूळ हमीपत्र परत घेण्यास विसरू नये.

हे वाचून कोणी मुलाला जामीन राहू नये, असे आमचे म्हणणे नाही. परमुलखात आपला समाज टिकला तो एकमेकांचा हात धरूनच. कोणी कोणाला खोली मिळवून दिली, कोणी नोकरीसाठी शब्द टाकला, कोणी मुलीच्या लग्नात उसनवार दिली. या साऱ्या जामीनक्याच होत्या. फक्त त्यांना मुद्रांक नव्हता. मुलाने हिशेबाची वही दर महिन्याला बापापुढे ठेवावी, बापाने ती न रागावता पाहावी, आणि मगच दोघांनी मिळून कागदावर सही करावी. मुद्रांकावरची जामीनकी तेव्हाच निभावते, जेव्हा घरातली आधी निभावलेली असते.