कर्जापोटी घर विकताना

मराठी दैनिकांच्या आतल्या पानांवर बारीक टायपातल्या चौकटी असतात. वर ‘ताबा सूचना’ असा मथळा, खाली बँकेचं नाव, कर्जदाराचं आणि जामीनदाराचं नाव, पैशापर्यंत मोजलेली थकबाकी आणि मग मालमत्तेचा तपशील: फ्लॅट क्रमांक, मजला, चटई क्षेत्र, इमारत, मौजे, तालुका, जिल्हा. बहुतेक वाचक न थांबता पान उलटतात. ज्याचं नाव तिथे छापलं जातं, त्याच्या सोसायटीत मात्र ती चौकट सगळे वाचतात. घर विकून कर्जातून मोकळं व्हावं का, याचा विचार अनेक कुटुंबांत त्या दिवशी सुरू होतो. खरं तर तो करायची वेळ कितीतरी महिने आधीच येऊन गेलेली असते.

उशीर का होतो, हे समजण्यासारखं आहे. घर विक्रीला काढलं ही बातमी नातेवाइकांत पोचणं म्हणजे नाचक्की, असं मानणाऱ्या समाजात आपण राहतो. मुलीचं लग्न व्हायचं असेल तर विषयच नको. म्हणून आधी दागिने गहाण पडतात, मग पीएफ काढला जातो, मग पतपेढी, मग क्रेडिट कार्ड, मग मेहुण्याकडून उसनवारी. घराचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो, आणि तोवर भाव करण्याइतकी उसंत हातात राहिलेली नसते.

याच्या उलटही घडतं. वसुलीवाल्यांच्या फोनला घाबरून माणूस अशा कर्जासाठी घर विकतो, ज्या कर्जाचा घरावर थेट हक्कच नसतो. तेव्हा हिशेबाची पहिली ओळ हीच: आपल्यावरचं कोणतं कर्ज घरापर्यंत पोचतं?

गृहकर्ज आणि घर तारण ठेवून घेतलेलं कर्ज थेट पोचतं. २००२ च्या सरफेसी कायद्याने बँकेला कोर्टात दावा न लावता तारण घर विकून वसुली करता येते. सहकारी बँकांनाही हा अधिकार आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या मुरगूडच्या एका सहकारी बँकेच्या प्रकरणात २०२० साली सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. पर्सनल लोन आणि क्रेडिट कार्डाची गोष्ट वेगळी. ते विनातारण कर्ज. त्यासाठी बँकेला दावा लावून हुकूमनामा मिळवावा लागतो, मग जप्तीची पायरी येते. याला वेळ लागतो आणि त्या वेळात तडजोड करता येते. शेती करणाऱ्या शेतकऱ्याचं राहतं घर तर पैशाच्या साध्या हुकूमनाम्यापोटी जप्त करता येत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेत तसं संरक्षण आहे. पतसंस्थेच्या बाबतीत मात्र गाफील राहू नये. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ खाली तिला निबंधकाकडून वसुली दाखला मिळतो, आणि त्या दाखल्यावर दिवाणी कोर्टाची वाट न पाहता कर्जदाराच्या आणि जामीनदाराच्याही मालमत्तेवर जप्ती येऊ शकते.

फोनच्या धाकाबद्दल एक सांगायला हवं. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीसाठी फोन करायचा नाही, धमकी द्यायची नाही, नातेवाइकांत आणि मित्रांत कर्जदाराची बेअब्रू करायची नाही, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश आहे. तो मोडणाऱ्या बँकेविरुद्ध रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. वसुली एजंटने आवाज चढवला म्हणून कोणी साठेखतावर सही करू नये.

गृहकर्जच थकलं असेल तर मात्र घड्याळ चालू झालेलं असतं. हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला की खातं अनुत्पादित ठरतं. मग सरफेसी कायद्याच्या कलम १३(२) ची नोटीस येते: ६० दिवसांत सगळी रक्कम भरा. या नोटिशीला लेखी हरकत घेता येते आणि बँकेला १५ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. हे फार थोडे लोक करतात. ६० दिवस उलटले की बँक आधी कागदोपत्री ताबा घेते. दारावर नोटीस चिकटते आणि वर्तमानपत्रातली ती चौकट छापून येते. त्याविरुद्ध ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात जाता येतं. प्रत्यक्ष ताब्यासाठी बँक जिल्हाधिकाऱ्यांकडे, मुंबईसारख्या महानगरात मुख्य दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करते. मग मूल्यांकन, राखीव किंमत, लिलाव.

या वाटेवरचे दोन टप्पे निर्णायक आहेत. १३(२) ची नोटीस आली की बँकेच्या लेखी संमतीशिवाय घर विकता येत नाही. आणि लिलावाची जाहीर सूचना प्रसिद्ध झाली की पैसे भरून घर सोडवून घेण्याचा हक्कच संपतो. २०१६ च्या दुरुस्तीने हा बदल झाला आणि २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने तो ठामपणे उचलून धरला. लिलावाच्या दिवसापर्यंत पैशांची जुळवाजुळव करू, या भरवशावर बसलेल्यांची इथे फसगत होते.

लिलावात घर गेलं आणि कर्ज फेडून पैसे उरले तर ते कर्जदाराला मिळतात. कमी पडले तर उरलेल्या रकमेसाठी बँक पुन्हा मागे लागू शकते. लिलावात बोली लावणारा स्वस्त मिळेल म्हणूनच येतो. त्याला जिंकल्यावर लगेच २५ टक्के आणि उरलेली रक्कम साधारण १५ दिवसांत भरावी लागते, त्यामुळे गिऱ्हाइकं मोजकीच असतात. तीन बीएचकेचं स्वप्न घेऊन येणारं, वास्तूची दिशा पाहणारं आणि पसंत पडलं तर लाखभर जास्त मोजणारं कुटुंब तिथे फिरकत नाही. ज्याचं घर शेवटी जाणारच आहे, त्याने ते स्वतः विकलेलं बरं, ते याचसाठी.

पण ते जाणारच आहे का, हे आकड्यांवरून ठरवावं. समजा, डोंबिवलीत ६० लाखांचा फ्लॅट आहे. २०१२ साली २८ लाखांना घेतलेला. गृहकर्ज २२ लाख शिल्लक, साडेआठ टक्क्यांनी, १५ वर्षं बाकी: हप्ता सुमारे २१,७०० रुपये. पर्सनल लोन ९ लाख, १५ टक्क्यांनी, चार वर्षं: हप्ता २५,०००. क्रेडिट कार्डावर ३ लाख. महिना साडेतीन टक्क्यांनी नुसतं व्याजच १०,५००, मुद्दल जागच्या जागी. पगार हातात ७०,०००. म्हणजे घर चालवायला जेमतेम १३,००० उरतात. हे कुटुंब किराणाही कार्डावर भरत असणार, आणि कार्ड त्यामुळेच फुगत असणार.

विकलं तर? ६० लाखांतून ३४ लाखांची कर्जं वळती झाली, एक टक्का दलाली गेली, सोसायटीची हस्तांतरण फी गेली. ती महापालिका हद्दीत २५,००० च्या वर घेता येत नाही. हातात २५ लाख आले असं वाटतं. इथे एक खर्च हमखास विसरला जातो: भांडवली नफ्यावरचा कर. विक्रीचे सगळे पैसे बँकेने घेतले तरी तो चुकत नाही, कारण कर्जफेड ही वजावट नाही. कर मोजला जातो तो खरेदी-विक्रीतल्या फरकावर. जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घराला महागाई निर्देशांक धरून २० टक्के किंवा न धरता साडेबारा टक्के, यांतला कमी कर लागू होतो. या उदाहरणात निर्देशांकाची वाट स्वस्त. कर दीड लाखाच्या आसपास. नफ्याइतकी रक्कम दोन वर्षांत दुसऱ्या घरात घातली तर सूट आहे, पण कर्ज फेडणाऱ्याकडे तेवढी रक्कम सहसा उरत नाही. या कुटुंबाच्या हाती साडेतेवीस लाख राहतील. १५,००० भाड्याचं घर घेतलं तर महिन्याला ५५,००० खर्चायला मिळतील.

तिसरी वाट बँकेचा माणूस सुचवतो: गृहकर्जावर १२ लाखांचं टॉप-अप घ्या आणि महागडी कर्जं मिटवा. साडेनऊ टक्क्यांनी १५ वर्षांसाठी त्याचा हप्ता साडेबारा हजार. घर राहतं आणि महिना ३५,८०० रुपये हातात उरतात. पगार पक्का असेल, कार्ड कापून टाकण्याची तयारी असेल, तर ही वाट उत्तम. धोका एकच, आणि तो मोठा आहे. जे १२ लाख कालपर्यंत विनातारण होते, ते आजपासून घराच्या डोक्यावर बसले. वर्षभरात पुन्हा कार्ड भरलं किंवा नोकरी गेली, तर आता सगळंच कर्ज घरापर्यंत पोचतं. नोकरी डळमळीत असलेल्याने हा सल्ला ऐकू नये.

जुहूच्या दोन बंगल्यांची गोष्ट इथे आठवते. ‘अलबेला’ सिनेमा १९५१ साली गाजला तेव्हा त्याचे नायक-दिग्दर्शक भगवानदादांकडे समुद्रालगतचा पंचवीस खोल्यांचा बंगला आणि सात गाड्या होत्या. पुढचे सिनेमे पडले, ‘हँसते रहना’ अर्धवट राहिला, बंगला आणि गाड्या विकाव्या लागल्या आणि दादा दादरच्या चाळीत राहायला गेले. २००२ साली त्यांचं निधन झालं. दुसरा बंगला अमिताभ बच्चन यांचा ‘प्रतीक्षा’. त्यांची एबीसीएल कंपनी बुडाली तेव्हा कर्ज ९० कोटींच्या घरात होतं आणि घेणेकरी दारात येऊन बसत होते, हे त्यांनीच सांगितलं आहे. २००० साली ‘मोहब्बतें’ आणि ‘कौन बनेगा करोडपती’ मिळाले, कर्ज फिटलं, बंगला राहिला. दोघांतला फरक पुढच्या कमाईचा होता. सामान्य माणसानेही स्वतःला हेच विचारावं: येत्या दोन वर्षांत उत्पन्न वाढणार आहे याला काही आधार आहे, की ती नुसती आशा आहे? आशेवर हप्ते भरता येत नाहीत.

गावाकडे हा प्रश्न आणखी वेगळ्या रूपात येतो. सावकार पैसे देताना गहाणखत करत नाही, सरळ खरेदीखत करून घेतो. ‘पैसे दिले की परत फिरवून देऊ’ हे तोंडी. कागदावर मात्र घर विकलं गेलेलं असतं. १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं जाळली, तेव्हाही दुखणं हेच होतं. आज महाराष्ट्रात २०१४ चा सावकारी नियमन कायदा आहे. परवान्याशिवाय सावकारी हा गुन्हा आहे, मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही, आणि बेकायदा सावकारीत गेलेली स्थावर मालमत्ता पंधरा वर्षांच्या आतली असेल तर ती परत मिळवण्यासाठी सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो. अर्ज कसा करायचा हे तालुक्याच्या सहायक निबंधक कार्यालयात कळतं.

विकायचं ठरलंच तर घरातल्या सगळ्यांना आधी सांगावं. वडिलोपार्जित घरात मुलींचा वाटा मुलांइतकाच आहे. बहिणींच्या सह्यांशिवाय केलेला व्यवहार पुढे कोर्टात अडकतो. फ्लॅट पती-पत्नीच्या नावावर असेल तर दोघांच्या सह्या लागतातच, पण नाव नसलं तरी जिला उद्या भाड्याच्या घरात संसार मांडायचा आहे, तिला विसार घेतल्यानंतर कळावं हा अन्याय आहे. बँकेकडून शिल्लक रकमेचं पत्र घ्यावं आणि खरेदीदाराचा त्या रकमेचा चेक थेट कर्जखात्यात जाईल असं साठेखतात लिहून घ्यावं. व्यक्तीने घेतलेल्या बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जाला मुदतपूर्व फेडीचा दंड नाही. कर्ज फिटल्यापासून ३० दिवसांत बँकेने मूळ कागद परत द्यायचे असतात. बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई मिळते.

लागोपाठ दोन हप्ते चुकले असतील आणि तिसऱ्याची सोय दिसत नसेल, तर याच आठवड्यात शाखेत जाऊन लेखी अर्ज द्या: मुदत वाढवून हप्ता कमी करा, किंवा घर विकायला सहा महिने द्या. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या, तारखेसह.