चाळीस हजारांचं गणित

३ डिसेंबर २०२५ रोजी मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉनने जाहीर केलं, की सामान्य ग्राहकांसाठीचा 'क्रूशियल' हा मेमरीचा ब्रँड आपण बंद करत आहोत. दुकानांना माल मिळणार होता तो फेब्रुवारी २०२६ पर्यंतच. १९९६ पासून चालत आलेलं नाव असं मिटलं. कारण उघड होतं : एआयच्या डेटा सेंटरना मेमरी हवी आहे आणि त्यांच्याकडे पैशाला तोटा नाही. त्याआधीच्या काही महिन्यांतच रॅमचे भाव दुपटीच्या पलीकडे गेले होते, आणि त्याच डिसेंबरात डॉलरने नव्वद रुपये ओलांडले. रॅमची एक पट्टी आज, दुसरी दिवाळीच्या बोनसनंतर, असा हिशेब मांडून ज्यांनी गेमिंगचा कॉम्प्युटर उभा केला, त्यांच्या जिव्हारी लागलेली ही बातमी आहे.

ती का लागली हे सांगायला फार मागे जाण्यात अर्थ नाही. पेंटियम फोरच्या काळात दुकानदार देईल ते मशीन मुकाट घरी यायचं. २००४ मध्ये ग्राफिक्स कार्डांसाठी एजीपी जाऊन पीसीआय एक्स्प्रेस आलं, एवढी नोंद पुरे. आमच्यासाठी खरा काळ सुरू झाला २००८ च्या जूनमध्ये. एएमडीने रेडिऑन एचडी ४८५० हे कार्ड १९९ डॉलरला आणलं आणि महिन्याभरात एनव्हिडियाला आपल्या महागड्या कार्डांचे भाव उतरवावे लागले. स्पर्धा झाली की खालच्या माणसाच्या ताटात काय पडतं, ते तेव्हा दिसलं.

तिथून २०१७ पर्यंतचं दशक मी जगलो. मुंबईत ग्रँट रोड स्टेशनला उतरून लॅमिंग्टन रोडवर दुकानोदुकानी कोटेशन घ्यायची, 'डिजिट' मासिकाच्या जुन्या अंकांतले आकडे वहीत उतरवायचे आणि चाळीस हजारांत काय काय बसतं ते पुन्हा पुन्हा मांडून बघायचं. प्रोसेसरचा सॉकेट मदरबोर्डशी जुळला पाहिजे. डीडीआर-थ्रीची पट्टी डीडीआर-टूच्या स्लॉटमध्ये बसत नाही, कारण तिची खाच वेगळ्या जागी असते. कार्ड लांब असेल तर ते कॅबिनेटमधल्या हार्डडिस्कच्या पिंजऱ्याला अडतं. हे सगळं शिकायला पैसे लागत नव्हते, चिकाटी लागत होती. ज्याला हे येत होतं, त्याचं चाळीस हजारांचं मशीन खेळात साठ हजारांच्या मशीनला मागे टाकायचं. मध्यमवर्गीय घरातल्या मुलाला पैशाची उणीव अभ्यासाने भरून काढता येईल, अशी ही दुर्मीळ जागा होती.

त्या जागेवर डल्ला मारणारेही होते. कॅबिनेटसोबत जवळजवळ फुकट येणारा 'पाचशे वॉट'चा एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, हा त्या काळातला सर्वांत मोठा खोटेपणा. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डाला वीज लागते ती बारा व्होल्टच्या लाइनवर, आणि तिथे हे डबे स्टिकरवरच्या आकड्याच्या आसपासही जात नसत. जळताना सोबत मदरबोर्डही घेऊन जात. चांगला एसएमपीएस घेतला, तर लोडशेडिंगच्या दिवसांत दुसरी पंचाईत व्हायची. अ‍ॅक्टिव्ह पीएफसीवाले एसएमपीएस स्वस्त यूपीएसच्या पायऱ्यापायऱ्यांच्या लाटेवर अनेकदा टिकत नसत. वीज गेली, की यूपीएस शेजारी असूनही मशीन बंद. लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानदाराने माझी यादी बाजूला सारून 'आय-सेव्हन घ्या, कार्डाचं नंतर बघू' असं ठासून सांगितलं होतं. खेळणाऱ्याच्या बजेटचा सर्वांत मोठा वाटा कार्डाला जायला हवा, हे त्याला नक्की माहीत होतं. पण महाग प्रोसेसर त्याला विकायचा होता. असे सल्ले ऐकून किती जणांचे पैसे वाया गेले असतील!

कंपन्यांचाही हिशेब बाकी आहे. इंटेलने २००९ ला ११५६, २०११ ला ११५५, २०१३ ला ११५० आणि २०१५ ला ११५१ असे सॉकेट बदलले. २०१७ च्या शेवटी सॉकेट तोच ठेवला, तरी नव्या प्रोसेसरसाठी नवा मदरबोर्ड घ्यायला लावला. एवढं करून दिलं काय? जानेवारी २०११ चा आय-फाइव्ह २५००के चार कोअरचा आणि जानेवारी २०१७ चा ७६००के सुद्धा चारच कोअरचा. एएमडीचा २०११ चा बुलडोझर कोअर मोजून दाखवायचा, पण एकेका कोअरमध्ये दम नव्हता, आणि त्यामुळेच इंटेलला पुढे मोकळं रान मिळालं. एनव्हिडियाच्या जीटीएक्स ९७० मधली शेवटची अर्धा जीबी मेमरी संथ निघाली. १०६० च्या तीन जीबीच्या कार्डात तर मेमरीसोबत कोअरही कमी होते, तरी नाव तेच ठेवलं. नाव वाचून विश्वास ठेवणाऱ्या गिऱ्हाइकाची ही फसवणूकच होती.

तरीही त्या दशकाने भरभरून दिलं. २०१४ चं जीटीएक्स ७५० टीआय फक्त साठ वॉटवर चालायचं, वेगळी पॉवर केबल लागत नसे. ऑफिसातून काढून टाकलेल्या मशीनमध्ये ते बसवलं, की मुलांच्या हाती गेमिंग पीसी यायचा. २०१६ मध्ये जीटीएक्स १०५० आलं १०९ डॉलरला. २०१७ च्या जानेवारीत दोन कोअर, चार थ्रेडचा पेंटियम जी४५६० आला ६४ डॉलरला. एप्रिलमध्ये रायझेन ५ १६०० ने सहा कोअर आणि डब्यातच चांगला कूलर दिला. एएमडीचा एएम४ सॉकेट तर २०२२ नंतरही नवे प्रोसेसर घेत राहिला. मे २०२० मध्ये मधल्या पिढीच्या मदरबोर्डांवर पुढचे प्रोसेसर चालू देणार नाही, असं एएमडी म्हणत होती, पण लोकांनी आवाज उठवल्यावर तिला माघार घ्यावी लागली. नव्या प्रोसेसरसाठी बायॉस अपडेट करण्यापुरता मित्राचा जुना प्रोसेसर उसना आणणारी पोरं मी पाहिली आहेत. ती अडचणही लोक एकमेकांच्या आधाराने निभावून नेत.

मग २०१७ च्या मध्यावर इथेरियम या आभासी चलनाच्या मायनिंगने कार्डं पळवली, २०२१ मध्ये पुन्हा तेच झालं, आणि त्यातून कंपन्या एवढंच शिकल्या की गिऱ्हाईक जास्त पैसे मोजतं. २०२५ मध्ये एनव्हिडियाच्या नव्या मालिकेतलं सर्वांत खालचं आरटीएक्स ५०५० आलं २४९ डॉलरला. शंभर-दीडशे डॉलरची पायरी नव्या कार्डांतून गेली. जुळणी आज पूर्वीपेक्षा सोपी आहे, पण जुळवायला लागणारी स्वस्त वस्तूच दुकानात नाही. मेमरी तीन बड्या कंपन्यांच्या हातात आहे, आणि त्या तिघींनाही आता मोठं गिऱ्हाईक भेटलं आहे. अभ्यास करून पैसे वाचवण्याची जी सोय आम्हाला मिळाली, ती आजच्या मुलाकडून हिरावून घेतली गेली आहे.

याची किंमत फक्त खेळणारे मोजणार नाहीत. चालू न होणाऱ्या मशीनसमोर बसून एकेक पार्ट काढत, बदलत दोष शोधणारी मुलं पुढे सर्व्हर आणि नेटवर्क सांभाळू लागली. माझ्या ओळखीत अशी कितीतरी आहेत. हे शिक्षण कुठल्या अभ्यासक्रमात नव्हतं.

ज्या मायक्रॉनने 'क्रूशियल' बंद केलं, तिच्याच गुजरातेतल्या साणंद प्रकल्पाच्या खर्चातला निम्मा वाटा केंद्र सरकारचा आणि वीस टक्के राज्याचा. म्हणजे शंभरातले सत्तर रुपये लोकांचे. लोकांच्या पैशावर चिपचा कारखाना उभा राहत असेल, तर त्याच्या मालातला ठरावीक हिस्सा देशातल्या किरकोळ बाजारात वाजवी भावात यावा, अशी अट सरकारने घातलीच पाहिजे. डेटा सेंटरच्या मागणीसमोर कॉलेजातल्या पोराच्या बाजूने बोलणारं आज कुणी नाही. ते बोलणं आता आम्ही करायला हवं, कारण त्या दशकाने आम्हाला जे दिलं ते आमच्यापाशीच थांबता कामा नये.