चांदीपुराचा विषाणू आणि पांढरा उंदीर

माहुलच्या आमच्या वसाहतीत उंदरांना तोटा नाही. गटारातून येतात, जिन्याने चढतात आणि वरच्या मजल्यावरच्या पिठाच्या पिशवीपर्यंत बरोबर पोचतात. २०२४ च्या पावसाळ्यात एक दिवस पिंजऱ्यात मोठा उंदीर सापडला. तो बघून शेजारच्या मावशी म्हणाल्या, "या मेल्याचा माणसाला कधी काडीचा उपयोग झालाय का?"

मावशींचे माहेर नागपूरकडचे. त्याच आठवड्यात त्यांची लेक चार वर्षांच्या मुलाला घेऊन आजोळी निघाली होती. टीव्हीवर गुजरातमधल्या 'चांदीपुरा' तापाच्या बातम्या रोज चालू होत्या आणि घरात सगळ्यांचा जीव टांगणीला लागला होता. मी म्हटले, "झालाय मावशी, आणि तोही तुमच्या नागपूरच्याच आजारात." त्यांना जे सांगितले, तेच थोडे विस्ताराने वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवतो.

चांदीपुरा हे नाव नागपूर भागातल्या एका वस्तीचे. १९६५ साली नागपुरात तापाची मोठी साथ होती. डेंग्यू आणि चिकुनगुनियाचा शोध घ्यायला पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरची माणसे तेथे गेली होती. हीच संस्था आज राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणून ओळखली जाते. दोन तापकऱ्यांच्या रक्तात त्यांना एक अगदी वेगळाच विषाणू मिळाला. भट्ट आणि रॉड्रिग्ज या शास्त्रज्ञांनी १९६७ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली. आकार बंदुकीच्या गोळीसारखा आणि घराणे पिसाळलेल्या कुत्र्याच्या रेबीजचे. पुढे आपल्याच महाराष्ट्रात पकडलेल्या वाळूमाशीतही तो सापडला. पण त्याने कोणी मरते असे दिसले नव्हते, म्हणून बरीच वर्षे त्याच्याकडे फारसे कोणी पाहिले नाही.

२००३ च्या उन्हाळ्या-पावसाळ्यात आंध्र प्रदेशात लहान मुले पटापट दगावू लागली. ३२९ मुले आजारी पडली, त्यांतली १८३ गेली. सकाळी खेळणारे मूल दुपारी तापाने फणफणायचे, उलट्या, झटके, बेशुद्धी, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत खेळ आटोपायचा. पुण्याच्या संस्थेने तपासले तर तोच नागपूरचा जुना पाहुणा! २००७ मध्ये तो नागपूर विभागातच उलटला. ७८ रुग्ण सापडले आणि शंभरातले चाळीसहून जास्त वाचले नाहीत.

आता प्रश्न असा, की विषाणू मेंदूत नेमके काय करतो? काही डॉक्टर म्हणत होते, हा मेंदूज्वर नव्हेच, हा मेंदूच्या रक्तवाहिनीचा झटका आहे. भांडण मिटवायचे कसे? मूल एका दिवसात जाते. तपासायला वेळ नसतो, आणि डोळ्यांदेखत लेकरू गेलेल्या आईबापाला 'मेंदू तपासू द्या' असे कोणत्या तोंडाने म्हणायचे?

इथे पांढरा उंदीर कामी आला. आपल्या गटारातला नव्हे. प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या वाढवलेला, अंगठ्याएवढा. त्याला विषाणू टोचला तर कोणत्या दिवशी रक्तात आहे, कोणत्या दिवशी मेंदूत शिरला, हे पायरी-पायरीने पाहता येते. शास्त्रज्ञांना दिसले ते असे. थोड्या दिवसांच्या पिल्लाला विषाणू टोचला की त्याचे मागचे पाय लुळे पडतात आणि ते मरते. मोठ्या उंदराच्या रक्तात तोच विषाणू सोडला तर त्याला काही होत नाही. पण त्याच मोठ्या उंदराच्या थेट मेंदूत टोचला, तर तोही मरतो.

मला स्वतःला हे फार मोलाचे वाटते. मेंदू मोठ्याचाही तितकाच नाजूक आहे. फरक दाराचा आहे. मोठ्याचे शरीर विषाणूला दाराबाहेर अडवते, लहानाचे अडवू शकत नाही. गावात माशी सगळ्यांना चावते आणि आजार मात्र बहुतेक पंधरा वर्षांखालच्या मुलांनाच का गाठतो, हे त्यातून उमगते. २०१३ मध्ये हरियाणातील मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी उंदराच्या पिल्लांवरच दाखवले, की विषाणू शिरल्यावर मेंदूच्या पेशी जणू आत्मघात करून घेतात.

मावशी रोज पंचशील म्हणणाऱ्या. ऐकता ऐकता त्यांनी विचारले, "म्हणजे मुकी पिल्लं मारून शिकायचं?" होय, मारूनच. त्यासाठी कायदा आहे, समितीची परवानगी लागते, विनाकारण हाल करता येत नाहीत. तरी प्रश्न संपत नाही, आणि मी तो संपवल्याचा आव आणणार नाही. शिवाय उंदीर म्हणजे मूल नव्हे. त्याला सुई टोचतात, माशी चावत नाही. पुण्याच्या संस्थेने केलेल्या लसीने उंदीर वाचल्याचे २०११ मध्ये प्रसिद्ध झाले, पण मुलांना देण्याची लस अजून बाजारात नाही. विषाणूला मारणारे ठरलेले औषधही नाही. त्या साथीत देशभरात मेंदूज्वराचे २४५ रुग्ण मिळाले, ८२ दगावले. त्यांतल्या ६४ जणांत चांदीपुरा पक्का ठरला.

म्हणून लेकीला जे सांगितले ते असे. वाळूमाशी डासापेक्षा पुष्कळ लहान. मातीच्या भिंतीच्या भेगांत, गोठ्यात, ओलसर अंधारात राहते आणि संध्याकाळनंतर चावते. साध्या मच्छरदाणीच्या भोकांतून ती सहज आत येते, जाळी बारीक हवी. भेगा लिंपून घ्याव्यात, गोठ्याजवळ मुलांना निजवू नये, अंगभर कपडे घालावेत. फवारणीची गाडी आली तर घर उघडून द्यावे. मुलाला एकदम जोराचा ताप येऊन उलट्या किंवा झटके आले, तर कुशीवर निजवावे, तोंडात चमचा-पाणी काही घालू नये, कांदा-चप्पल हुंगवू नये. भगताकडे तर मुळीच जाऊ नये. मिळेल त्या वाहनाने मोठा दवाखाना गाठावा. झटके थांबवणे, ताप उतरवणे, मेंदूची सूज आणि श्वास सांभाळणे, एवढेच डॉक्टरांच्या हाती आहे. पण ते तासाभरात मिळाले काय आणि सहा तासांनी मिळाले काय, यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

मावशींनी लेकीच्या पिशवीत बारीक जाळीची मच्छरदाणी घातली. पिंजऱ्यातला उंदीर मात्र त्यांनी मारू दिला नाही, खाडीकडच्या तिवरांत सोडून आल्या. तो दोन दिवसांत परत येणार, याची मला खात्री होती.