45 अंशांच्या खोलीत ओव्हरक्लॉकिंग

प्रोसेसरच्या आत एक ठोका अखंड पडत असतो, त्याला क्लॉक म्हणतात. आजच्या बहुतेक मदरबोर्डांवर हा मूळ ठोका 100 मेगाहर्ट्झचा असतो आणि प्रोसेसर त्याला एका आकड्याने गुणून स्वतःचा वेग ठरवतो. गुणक 50 असला की वेग 5 गिगाहर्ट्झ. कंपनीने आखून दिलेल्या वेगाच्या वर प्रोसेसर चालवणे म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. एका मॉडेलच्या सगळ्या चिपा सारख्या निघत नाहीत. त्यातली डावी चिपही नीट चालावी अशा बेताने कंपनी वेग ठरवते. म्हणून बऱ्याच चिपांत थोडी शिल्लक उरते. ती किती, हे नशिबावर असते.

या शिल्लकीचे सगळ्यात गाजलेले उदाहरण 1998 सालचे. इंटेलचा सेलेरॉन 300ए हा स्वस्त प्रोसेसर 66 मेगाहर्ट्झच्या ठोक्यावर 4.5 च्या गुणकाने 300 मेगाहर्ट्झला चालायचा. मदरबोर्डवरचा ठोका 100 केला की तीच चिप 450 ला पळायची, म्हणजे फुकटात दीडपट. ते दिवस गेले. आता गरजेप्रमाणे वेग आपोआप वाढवणारी टर्बोसारखी सोय कारखान्यातूनच येते आणि शिल्लक बरीचशी तीच खाऊन टाकते. हाताने आणखी पाच ते दहा टक्के निघाले तरी चांगले म्हणायचे. शिवाय प्रत्येक प्रोसेसरला हे जमत नाही. इंटेलच्या प्रोसेसरात नावाच्या शेवटी ‘के’ हे अक्षर आणि मदरबोर्डवर ‘झेड’ मालिकेचा चिपसेट लागतो. एएमडीच्या बहुतेक रायझन प्रोसेसरांचा गुणक मोकळा असतो, पण मदरबोर्ड ‘बी’ किंवा ‘एक्स’ मालिकेचा हवा. ‘ए’ मालिकेचा स्वस्त बोर्ड घेतला असेल तर विषय तिथेच संपतो.

खरा अडसर उष्णतेचा आहे. वेग वाढवला की प्रोसेसर अडखळतो, मग त्याला थोडे जास्त व्होल्टेज द्यावे लागते. वीज मात्र वेगाच्या पटीत आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. दोन्ही दहा-दहा टक्के वाढवले तर 1.1 गुणिले 1.21, म्हणजे साधारण 33 टक्के जास्त वीज. 150 वॉट खाणारा प्रोसेसर 200 वॉटवर जातो आणि ती सगळी वीज शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते.

प्रोसेसरवरचा पंखा हवेला थंड करत नाही, तो फक्त खोलीची हवा हीटसिंकवर मारतो. त्यामुळे प्रोसेसरचे तापमान नेहमी खोलीच्या तापमानावर चढते. एखादा हीटसिंक दर वॉटला पाव अंश चढ देत असेल, तर 200 वॉटला खोलीपेक्षा 50 अंश वर. जानेवारीत नागपूरच्या 20 अंशांच्या खोलीत तो 70 दाखवील आणि मालक खूश होईल. मे महिन्यात दुपारी बंद खोलीत 45 अंश झाले की तोच प्रोसेसर 95 वर. इंटेलचे अनेक प्रोसेसर 100 अंशांना आणि रायझन 7000 मालिकेतले बरेच प्रोसेसर 95 ला स्वतःच वेग खाली आणतात. म्हणजे हौसेने वाढवलेला वेग ऐन उन्हाळ्यात आपोआप परत जातो, विजेचे बिल मात्र राहते. आणि 45 हा आकडा फुगवलेला नाही: मे 2013 मध्ये नागपुरात पारा 47.9 अंशांवर गेला होता. परदेशातले ओव्हरक्लॉकर उणे 196 अंशांचा द्रव नायट्रोजन ओतून 8 गिगाहर्ट्झच्या पुढे जातात. ते विक्रम मेअखेरच्या नवतपात घरी बसलेल्या माणसाच्या कामाचे नाहीत.

नागपुरात ‘कूलर’ म्हटले की खिडकीतला ताट्यांचा कूलरच डोळ्यांपुढे येतो, आणि ओव्हरक्लॉकिंगला त्याचा खरोखर उपयोग होतो. विदर्भातली मेची हवा कोरडी असते, त्यामुळे तो खोली तिशीपर्यंत आणतो आणि वरच्या उदाहरणातला प्रोसेसर 80 वर येतो. दमट हवेने कॉम्प्युटर बिघडेल ही भीती फारशी खरी नाही; आतले भाग हवेपेक्षा गरम असतात, त्यांच्यावर दव धरत नाही. उडणारे थेंब मात्र वाईट, कारण त्यांतले क्षार बोर्डवर वाळतात. कॅबिनेट कूलरच्या थेट झोतात ठेवू नये. लूबरोबर येणारी धूळ हीटसिंकच्या पात्यांत नमद्यासारखी बसते; ती उन्हाळ्याआधी ब्रशने काढावी, जुनी थर्मल पेस्ट पुसून वाटाण्याएवढी नवी लावावी.

मग बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होताना उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, जायचे. आधी मूळ आकडे कागदावर उतरवावेत. गुणक एकाने वाढवावा, संगणक सुरू करावा, ओसीसीटी किंवा प्राइम95 सारखी चाचणी अर्धा तास चालवावी आणि शेजारी एचडब्ल्यूइन्फोमध्ये तापमान बघत राहावे. निळा पडदा आला, संगणक आपोआप रीस्टार्ट झाला किंवा चाचणीत चूक निघाली तर व्होल्टेज अगदी थोडे वाढवावे, नाहीतर एक पायरी खाली यावे. खाली येणे बहुतेक वेळा शहाणपणाचे. संगणक सुरूच झाला नाही तर वीज काढून बोर्डवरची सीमॉस, म्हणजे बायोसचे आकडे जपणारी मेमरी, पुसली की मूळ आकडे परत येतात. हिवाळ्यात चाचणी केली असेल तर दिसलेल्या तापमानात 25 अंश मिळवून बघावे. बेरीज 90 च्या वर गेली तर तो वेग नागपूरचा नव्हे.

यूपीएस सगळे विसरतात. घरोघरी असणाऱ्या 600 व्हीएच्या यूपीएसला साधारण 360 वॉट झेपतात. ओव्हरक्लॉक केलेला प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जोरात असताना लाइट गेली की तो टूं असा आवाज करून बंद पडतो, काम सेव्ह होण्याआधी.

जास्त व्होल्टेजने चिप हळूहळू झिजते, आणि ती झीज भरून येत नाही. 2024 मध्ये इंटेलच्या 13व्या आणि 14व्या पिढीतले अनेक डेस्कटॉप प्रोसेसर ग्राहकाने काहीही न छेडता बिघडत असल्याचे उघड झाले. चिप गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होती. कंपनीला त्यासाठी दुरुस्तीचा मायक्रोकोड द्यावा लागला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवावी लागली. ओव्हरक्लॉकिंगने झालेले नुकसान मात्र वॉरंटीत बसत नाही. म्हणून उलटा मार्ग जास्त बरा वाटतो: वेग तोच ठेवून व्होल्टेज थोडे उतरवायचे. त्याला अंडरव्होल्टिंग म्हणतात. त्याचीही चाचणी तशीच घ्यावी लागते, पण तापमान उतरते, पंख्याचा आवाज कमी होतो आणि टर्बो जास्त वेळ टिकतो.

व्हिडिओ एडिटिंग किंवा गेमिंग करणाऱ्याला पाच-दहा टक्क्यांचा फरक जाणवू शकतो. टॅली आणि बिलांसाठी ठेवलेल्या दुकानातल्या संगणकावर हा उद्योग करू नये. तेवढ्या पैशात जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवून घ्यावी.