बॅटरी उपाशी ठेवू नका

चंदगड तालुका म्हणजे पावसाचं घर. मृग लागला की वारा सुटतो. झाड तारेवर पडतं आणि वीज जाते. कधी तासाभरात येते, कधी दोन-दोन दिवस येत नाही. म्हणून आता पुष्कळ घरांत इन्व्हर्टर आला आहे. त्याला जोडलेली एक जड बॅटरी असते. सगळी शक्ती त्या बॅटरीत.

असेच एकदा आम्ही एका घरी गेलो होतो. घरचे आण्णा म्हणाले, "गुरुजी, काजूच्या पैशातून ही बॅटरी घेतली. दोन वर्षं झाली न्हाईत, तर अर्ध्या तासात उतरते. दुकानदारानं फसवलं काय?"

आम्ही बुचं काढून पाहिली. आतल्या प्लेटा उघड्या पडल्या होत्या.

"आण्णा, पाणी कधी घातलं?"

"दिवाळीत घातलं की. विहिरीचं, चांगलं स्वच्छ."

"आणि उन्हाळ्यात कुठं होता?"

"मुंबईला, लेकाकडं. दोन महिने. जायच्या आदल्या रात्री वीज नव्हती. सारी रात्र बॅटरीवर काढली. सकाळी मेन स्विच बंद करून निघालो."

दुकानदाराने फसवले नव्हते. बॅटरी दोन महिने उपाशी राहिली होती.

बॅटरीच्या आत काय असते ते आधी पाहू. १२ व्होल्टच्या बॅटरीत सहा खण असतात. प्रत्येक खणात शिशाच्या प्लेटा असतात. त्या अॅसिड मिसळलेल्या पाण्यात बुडलेल्या असतात. अशी बॅटरी फ्रान्समधल्या गास्तों प्लांते यांनी १८५९ साली प्रथम केली. आजही तिचे मूळ तत्त्व तेच आहे.

आपण दिवा लावला की पाण्यातले अॅसिड प्लेटांकडे जाते. प्लेटांवर पांढरा थर बसू लागतो. यालाच बॅटरी उतरणे म्हणतात. वीज आली, चार्जिंग झाले, की थर विरघळतो आणि अॅसिड परत पाण्यात येते. पण बॅटरी उतरलेलीच ठेवली तर? ओल्या मिठाचा वाळून खडा होतो, तसा तो थर घट्ट होतो. मग तो सहज विरघळत नाही. प्लेटेचा तेवढा भाग कायमचा निकामी होतो. आण्णांच्या बॅटरीचे हेच झाले.

बॅटरी म्हणजे दावणीचा बैल समजा. कामाने बैल मरत नाही. पण काम करवून घेऊन वैरण दिली नाही, तर किती दिवस टिकेल?

आता निगा कशी राखायची ते सांगतो.

पहिली गोष्ट, बॅटरी पूर्ण उतरू देऊ नका. शक्यतो निम्मीच वापरा. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासाच्या नव्या बॅटरीत सुमारे १८०० वॅट-तास वीज असते. निम्मी म्हणजे ९००. नऊ वॅटचे चार दिवे आणि ७५ वॅटचा एक पंखा लावला, तर सहा-सात तास चालतील. त्यावर टीव्ही आणि मिक्सर लावाल तर लवकर संपेल. इन्व्हर्टर ओरडू लागला की पंखा आधी बंद करा.

दुसरी गोष्ट, वीज आली की बॅटरी पुरी भरू द्या. रिकामी बॅटरी भरायला दहा-बारा तास, कधी जास्तही लागतात. मधेच बंद करू नका. गावाला जाताना आधी पूर्ण चार्ज करा. शेजाऱ्याला सांगा, महिन्यातून एकदा चालू करून पुरी भरून ठेव.

तिसरी गोष्ट, पाणी. चार्ज होताना बॅटरीतले पाणी थोडे थोडे उडून जाते, अॅसिड मात्र आतच राहते. म्हणून घालायचे ते फक्त बॅटरीचे पाणी, म्हणजे डिस्टिल्ड वॉटर. अॅसिड कधी घालू नका. विहिरीच्या पाण्यात क्षार असतात, लोह असते. डोळ्यांना ते दिसत नाहीत, पण प्लेटा खराब करतात. महिन्यातून एकदा पाण्याची खूण पाहा. पाणी भरायचे ते बॅटरी पूर्ण चार्ज झाल्यावर. प्लेटा उघड्या असतील तर आधी त्या बुडतील इतकेच घाला, चार्ज करा आणि मग खुणेपर्यंत भरा. वरच्या खुणेपलीकडे भरू नका. जास्तीचे पाणी अॅसिड घेऊन बाहेर सांडते.

चौथी गोष्ट, ट्रॅक्टरची बॅटरी इन्व्हर्टरला जोडू नका. ती शर्यतीचा बैल आहे. क्षणभर मोठा जोर लावते आणि गाडी चालू करते. इन्व्हर्टरची बॅटरी नांगराचा बैल. तिच्या प्लेटा तासन् तास काम करायला बनवलेल्या असतात.

आता सांभाळायचे. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. तो ठिणगीने पेट घेतो. म्हणून बॅटरी हवेशीर जागी ठेवा. जवळ चूल, कंदील, विडी नको. पाणी घालताना इन्व्हर्टर बंद करा. अॅसिड अंगावर किंवा डोळ्यांत उडाले तर लगेच भरपूर पाण्याने पंधरा-वीस मिनिटे धुवा. डोळ्यांत गेले असेल तर धुऊन झाल्यावर डॉक्टरकडे जा.

जुनी बॅटरी घरी फोडू नका. शिसे हे विष आहे. त्याची धूळ पोटात गेली तर लहान मुलांच्या मेंदूला इजा होते. नवी घेताना जुनी दुकानदाराला परत द्या. त्याचे पैसेही वजा होतात.

मेकॅनिकने आण्णांची बॅटरी सावकाश चार्ज करून पाहिली. थोडी सुधारली, पण पहिल्यासारखी झाली नाही. आण्णा म्हणाले, "बैलाला एक दिवस उपाशी ठेवला असता तर हंबरून सांगितलं असतं. हिनं सांगितलंच न्हाई."

खरेच आहे. बॅटरी हंबरत नाही. म्हणून तिची भूक आपणच ओळखली पाहिजे.