पुसलेल्या टेपा आणि कुकरच्या तीन शिट्ट्या

मागच्या भागात आपण नाट्यसंगीत ऐकलं. त्यानंतर एका श्रोत्यांच्या लेकीने निरोप पाठवला, "मावशी, तुम्ही लहानपणी खरंच हेच ऐकायचात का?" नाही गं बाळा. नाट्यसंगीत बाबा ऐकायचे. मी डेव्हिड बोवी आणि क्वीन ऐकायचे, तेही टीव्हीवर, गुरुवारी संध्याकाळी, गृहपाठाची वही मांडीवर उघडी ठेवून. तेव्हा आजचा विषय आहे सत्तरच्या दशकातलं रॉक संगीत आणि ते घराघरात नेणारा इथला ब्रिटिश टीव्ही. ज्यांना रॉक म्हणजे नुसता गोंगाट वाटतो, त्यांनीही रेडिओ बंद करू नका. गोष्ट शेवटी तुमच्या माळ्यावरच्या खोक्यांपर्यंत येणार आहे.

आम्ही १९७१ साली हाउन्स्लोला आलो तेव्हा मी नऊ वर्षांची होते. टीव्हीवर तीन चॅनेल. त्यातल्या बीबीसी वनवर 'टॉप ऑफ द पॉप्स' लागायचा. १ जानेवारी १९६४ ला हा कार्यक्रम सुरू झाला, मँचेस्टरमधल्या एका जुन्या चर्चच्या इमारतीत थाटलेल्या स्टुडिओतून, आणि २००६ पर्यंत दर आठवड्याला चालला. पद्धत सोपी होती. त्या आठवड्यात ज्यांच्या रेकॉर्ड जास्त खपल्या त्यांना बोलवायचं आणि पहिल्या नंबरचं गाणं शेवटी लावायचं. कुठलं गाणं वर चढलं आणि कुठलं घसरलं हे शुक्रवारी शाळेत ठाऊक नसेल, तर मधल्या सुट्टीत तुमच्याशी कोण बोलणार? नवीन मुलीला तर ते ठाऊक असायलाच हवं.

आता एक गुपित. त्यातले बरेचसे गायक गातच नसत. मागे टेप वाजायची आणि ते ओठ हलवायचे. वादकांच्या संघटनेने १९६६ साली यावर हरकत घेतली. मग तोडगा निघाला की बँडने कार्यक्रमासाठी गाण्याची नवी टेप करून आणायची. ती खरंच नवी असायची की मूळचीच पुढे सरकवली जायची, याचे किस्से त्या काळातले वादक अजून रंगवून सांगतात. या सोंगाची खरी फजिती झाली १९८८ मध्ये. 'ऑल अबाउट ईव्ह' नावाचा बँड आला होता आणि कार्यक्रम थेट चालू होता. गाणं देशभर ऐकू येत होतं, पण स्टुडिओतल्या बँडला ते ऐकूच येत नव्हतं. गायिका आपली वेळ यायची वाट बघत स्टुलावर शांत बसून राहिली आणि लाखो लोकांनी मिटल्या ओठांनी चाललेलं गाणं पाहिलं. पुढच्या आठवड्यात त्यांना पुन्हा बोलावलं. या खेपेला त्या खरोखर गायल्या.

माझा दादा या कार्यक्रमाला नाकं मुरडायचा. त्याचा देव म्हणजे बीबीसी टूवर रात्री उशिरा लागणारा 'ओल्ड ग्रे व्हिसल टेस्ट'. तिथे चार्टचा संबंध नाही, सजावट नाही, समोर प्रेक्षक नाहीत. छोट्याशा स्टुडिओत बँड गंभीर चेहऱ्याने वाजवणार, आणि सूत्रधार बॉब हॅरिस इतकं हळू बोलणार की लोक त्याला 'कुजबुजणारा बॉब' म्हणायचे. कार्यक्रम चांगला होता, नाही असं नाही. पण माझं मत विचाराल तर तो थोडा शिष्ट होता. १९७३ मध्ये न्यूयॉर्क डॉल्स हा बँड तिथे आला, तेव्हा ओठांना रंग लावलेल्या त्या पोरांची बॉबने पडद्यावरच थट्टा केली. तीन-चार वर्षांनी इथे पंक संगीताची लाट आली, त्या पोरांचा आदर्श हेच डॉल्स होते. ओठ हलवणाऱ्या भपकेबाज कार्यक्रमाने मात्र ६ जुलै १९७२ ला बोवी दाखवला. केशरी केस, रंगीबेरंगी पोशाख, आणि गाता गाता गिटारवादक मिक रॉन्सनच्या खांद्यावर सहज टाकलेला हात. आमचा टीव्ही काळा-पांढरा होता, तरी बाबांनी उठून आवाज कमी केला. त्यांना कान बंद करायचे होते की डोळे, कोण जाणे!

क्वीनबद्दल मात्र मी तटस्थ राहू शकत नाही. फ्रेडी मर्क्युरी, म्हणजे मूळचा फारूख बलसारा, झांझिबारला जन्मलेला पारशी मुलगा. तो आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला आणि तिथेच 'हेक्टिक्स' नावाच्या शाळकरी बँडमध्ये पियानो वाजवायला लागला. हे मला तेव्हा माहीत असतं तर घरातली निम्मी भांडणं टळली असती. १९७५ मध्ये त्यांचं 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' आलं, ५ मिनिटं ५५ सेकंदांचं. मधल्या ऑपेरासारख्या भागात आवाजांचे इतके थर होते की चार जणांनी स्टुडिओत उभं राहून ओठ हलवले असते तर हसं झालं असतं. शिवाय बँड दौऱ्यावर निघाला होता. म्हणून एल्स्ट्रीच्या स्टुडिओत काही तासांत एक फिल्म बनवली आणि ती कार्यक्रमाकडे पाठवून दिली. गाणं ९ आठवडे पहिल्या नंबरावर राहिलं, आणि गाण्यासोबत व्हिडिओ हवाच ही सवय सगळ्यांना लागली.

आता मूळ मुद्दा. हे सगळं आज फोनवर एका बोटावर मिळतं असं तुम्ही म्हणाल. नाही मिळत. साठच्या दशकातले 'टॉप ऑफ द पॉप्स'चे पूर्ण भाग बोटांवर मोजण्याइतके उरलेत, आणि सत्तरच्या सुरुवातीचेही बहुतेक गेले. बीबीसीने ते पुसले. आग नाही, चोरी नाही, हिशेबाने पुसले. तेव्हाची व्हिडिओ टेप दोन इंच रुंद आणि भलती महाग, पण एक गोष्ट सोयीची होती की पुसून तिच्यावर पुन्हा रेकॉर्ड करता यायचं. कलाकारांच्या संघटनांशी झालेल्या करारांमुळे कार्यक्रम फार वेळा पुन्हा दाखवता येत नसे. घरोघरी व्हिडिओ येईल आणि लोक जुने कार्यक्रम विकत घेतील, हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. त्यातून रंगीत टीव्ही आला आणि काळे-पांढरे कार्यक्रम म्हणजे नुसती अडगळ झाली. १९७८ च्या सुमारास हे पुसणं थांबलं, तोवर बरंच गेलं होतं.

मी त्यांच्यावर फार चिडत नाही. आमच्याच घरी मुलाच्या बारशाची टेप १९९२ च्या वर्ल्ड कपखाली गेली. ह्यांना ती कोरी वाटली. त्यावरून किती महिने अबोला होता ते विचारू नका.

कुणी म्हणेल, टेप गेली तर गेली, रेकॉर्ड तर आहे ना? ओठ हलवलेल्या गाण्यांपुरतं ते चालेल. पण जे त्या दिवशी खरं वाजलं त्याचं काय? २० जुलै १९६९ ला माणूस चंद्रावर उतरला, त्या रात्री बीबीसीच्या स्टुडिओत पिंक फ्लॉइड बसले होते आणि चंद्रासाठी सुचेल ते तिथल्या तिथे वाजवत होते. त्याचं चित्रण उरलं नाही. आवाज उरला, कारण कुणीतरी घरी टेपरेकॉर्डर लावला होता. 'डॉक्टर हू' या मालिकेचंही तसंच. साठच्या दशकातले नव्वदहून जास्त भाग हरवलेत, पण एकूण एक भागाचा आवाज शिल्लक आहे. पोरांनी टीव्हीच्या स्पीकरपुढे माइक धरून तो भरून घेतला होता. घरात कुणी खोकलं तर काय होत असेल याची मला पूर्ण कल्पना आहे.

बोवीची एक गोष्ट तर फारच गोड आहे. जानेवारी १९७३ मध्ये त्याने 'टॉप ऑफ द पॉप्स'मध्ये 'जीन जिनी' खरोखर वाजवलं, ओठ हलवून नव्हे. रॉन्सनची गिटार तर रेकॉर्डपेक्षा वेगळी वाजली. तो भाग पुसला गेला, सगळ्यांनी हळहळून सोडून दिलं. पण जॉन हेन्शॉल नावाच्या कॅमेरामनने त्या गाण्यासाठी आपली खास वाटोळी दिसणारी भिंग वापरली होती आणि आपल्या कामाचा नमुना म्हणून त्याची एक प्रत मागून घेतली होती. ती टेप त्याच्याकडे ३८ वर्षं पडून होती. जगात दुसरी नाही, हेच त्याला ठाऊक नव्हतं! डिसेंबर २०११ मध्ये बीबीसीने ती पुन्हा दाखवली. मी तेव्हा ४९ वर्षांची होते आणि सोफ्यावर उभी राहून नाचले.

बीटल्स या कार्यक्रमात प्रत्यक्ष येऊन वाजवून गेले ते एकदाच, १६ जून १९६६ ला. तेही पुसलं गेलं. २०१९ मध्ये ११ सेकंद सापडले, आवाजाशिवाय. लिव्हरपूलच्या एका घरात कुणीतरी टीव्हीच्या पडद्यावर हातातला फिल्म कॅमेरा रोखून ते टिपले होते.

एक फरक सांगते. जिमी सॅव्हिल हा सूत्रधार ज्या भागांत आहे ते हल्ली पुन्हा दाखवत नाहीत. त्याच्या मृत्यूनंतर त्याचे गुन्हे उघडकीला आले. न दाखवणंच योग्य आहे. पण कपाटात ठेवणं वेगळं आणि पुसून टाकणं वेगळं.

आता माझी कॅसेट. बाबांनी एक कॅसेट रेकॉर्डर घेतला होता, पुण्याला आवाजाची पत्रं पाठवायला. पत्र लिहिण्यापेक्षा तासभर बोलून कॅसेट पोस्टात टाकायची; तुमच्यापैकी अनेकांच्या घरी हे होत असे. नोव्हेंबर १९७५ च्या एका गुरुवारी मी तो रेकॉर्डर पळवला, माइक टीव्हीपुढे ठेवला, दादाला गप्प बसायची शपथ घातली आणि 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' भरून घेतलं. बरोबर मध्यावर, जिथे आवाजांचे थर चढत जातात, तिथे कुकरच्या तीन शिट्ट्या आहेत. मग आईचा आवाज, "अगं, बंद कर तो आरडाओरडा, पानं घेतलीयेत." मी त्या रात्री जेवले नाही. माझं रेकॉर्डिंग नासवलं म्हणून.

आई २००९ साली गेली. तिचे फोटो खूप आहेत. चाळिशीच्या आतला तिचा आवाज तेवढ्या एका वाक्यापुरता आहे.

म्हणून तुमचे खोके काढा. माळा उन्हाळ्यात तापतो, थंडीत ओलावतो, टेपेला तो सोसत नाही. घरातल्या कपाटात ठेवा, उभ्या, स्पीकरपासून लांब, कारण त्यात चुंबक असतो. कॅसेटच्या वरच्या काठावर दोन छोटे प्लास्टिकचे तुकडे असतात, ते आधी मोडून टाका, म्हणजे चुकूनही वर दुसरं काही रेकॉर्ड होणार नाही. टेपेवर पांढरट बुरशी दिसली तर मशीनमध्ये घालू नका. ती मशीनला लागते आणि तिथून बाकीच्या टेपांना. टेप दाबून धरणारा आतला छोटा स्पंजचा तुकडा निघाला असेल तर आवाज दबका येतो. तो बदलता येतो, टेप फेकू नका. व्हिडिओ टेपांची घाई जास्त करा. शेवटच्या जपानी कंपनीने २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणं बंद केलं, आता जुनी मशीनं दुरुस्त करूनच भागवायचं आहे. अमेरिकेतल्या मंडळींनो, भारतातून आलेली लग्नाची टेप तुमच्या मशीनवर नुसत्या रेघा दाखवत असेल तर ती खराब झाली असं समजू नका. भारतातली पद्धत पाल, तुमची एनटीएससी. ती नीट चालवून कॉम्प्युटरवर घेऊन देणारे लोक आहेत. उतरवून घेतलं की दोन ठिकाणी ठेवा, आणि मूळ टेप तरीही जपा.

कुणाची टेप आहे, कुठल्या सालची, हे घरातल्या मोठ्यांना आत्ताच विचारून लेबलवर लिहा. माझ्या कॅसेटच्या दुसऱ्या बाजूवर बाबांच्या अक्षरात 'ताईसाठी, पुणे' एवढंच आहे. ती बाजू मी अजून ऐकलेली नाही, कारण आमचा प्लेअर मध्येच टेप खायला लागला. तो दुरुस्तीला दिलाय, शुक्रवारी मिळेल म्हणतात.