भिंत तापली की रंग रुसतो

उन्हाळ कांदा विकला, हातात चार पैसे आले, की घराला रंग द्यायचा विषय निघतोच. त्यात घरकुल नवीन असेल तर विचारूच नका. पण निफाड असो, सिन्नर असो की मालेगाव, मे महिन्यात दुपारी बाहेरच्या भिंतीला हात लावून बघा. चटका बसतो.

आमच्या गटाची बैठकीची खोली सिमेंटच्या ब्लॉकची आहे. बचतीतून पैसे काढून सिमेंटचा रंग आणला, आणि लग्नसराईच्या आधी उरकू म्हणून आम्ही बायकांनीच भर दुपारी ब्रश हातात घेतले. भिंतीवर आधी पाणी मारलं नाही, नंतरही नाही. पंधरा दिवसांत ओट्यावर टेकून बसणारीच्या पदराला पिठासारखा रंग लागायला लागला. पहिल्या पावसात निम्मा वाहून गेला. पैसे सगळ्यांचे, त्यामुळे पुढच्या कितीतरी बैठकांत दुसरा विषय नाही!

झालं काय, तर या रंगात सिमेंटच असतं आणि सिमेंटला घट्ट व्हायला पाणी लागतं. तापलेला कोरडा ब्लॉक ते पाणी पिऊन टाकतो, उरलेलं ऊन उडवतं. मग राहते नुसती भुकटी. म्हणून भिंत आधी ओली करायची, पाणी ओघळेल इतकी नाही. कालवलेला रंग तासाभरात संपवायचा. एक हात मारल्यावर दुसऱ्या दिवशी पाणी शिंपडून मगच दुसरा हात.

डब्यात तयार मिळणाऱ्या प्लास्टिक रंगाचं मात्र उलटं. त्याला भिंत कोरडीच हवी, नाहीतर फोड येतात. दोन्ही रंगांना एकच नियम लावला की फसगत होते. आणि ऑइलपेंट स्वस्तात मिळाला तरी बाहेरच्या भिंतीला नको. आतली ओल कोंडते आणि पोपडे निघतात.

नवा गिलावा असेल तर सात दिवस तरी पाणी मारा, मग महिनाभर वाळू द्या. भिंतीवर पांढरा खार फुटला असेल तर कोरड्या ब्रशने झाडा. धुतलात तर तो पाण्यात विरघळून पुन्हा आत जातो. भेगा आधीच बुजवा.

वेळ कोणती? खरं तर दिवाळीनंतरची, भिंती वाळल्यावरची. उन्हाळ्यातच करायचं असेल तर सावलीच्या मागे जा: सकाळी पश्चिमेची भिंत, दुपार कलली की पूर्वेची.

रंग फिकट घ्या. पांढरा, फिका पिवळा. गडद निळा-हिरवा छान दिसतो, पण ऊन पितो, आणि ब्लॉकची भिंत दिवसभराची धग रात्री घरात सोडते. सगळ्या घराला पैसे पुरत नसतील तर आधी स्लॅबवर पांढरा हात द्या. नाशिकला मे महिन्याच्या विशीत सूर्य भर दुपारी अगदी डोक्यावर येतो. तेव्हा दक्षिणेच्या भिंतीला फारसं ऊन नसतं, सगळा मारा छतावर. भिंतींत पहिला मान पश्चिमेच्या भिंतीचा. अहमदाबादेत 2010 च्या उष्णतेच्या लाटेनंतर 2013 मध्ये उष्णतेचा आराखडा झाला, आणि पुढे तिथल्या वस्त्यांत छतं पांढरी करण्याचं काम सुरू झालं. महिला हाउसिंग ट्रस्टच्या बायका त्यात पुढे होत्या.

छताला कळीचा चुनाही चालतो, स्वस्त पडतो. इगतपुरी-त्र्यंबककडच्या पावसात मात्र तो टिकत नाही, दरवर्षी द्यावा लागतो. चुना आदल्या रात्री भिजवा. पाण्यात चुना टाकायचा, चुन्यावर पाणी ओतायचं नाही. तो उकळून उडतो, म्हणून भांडं पत्र्याचं घ्या, लेकरांना लांब ठेवा आणि डोळे सांभाळा. डोळ्यात गेलाच तर चोळू नका, भरपूर पाण्याने धूत राहा आणि तसंच दवाखाना गाठा.